नऊ हातांवरून ओटी

११ सप्टेंबर, गुरुवार

आले: टीव्ही, ५५ इंची, फोर-के, नग १, रुपये ४१,८००. भिंतीवर लावायची लोखंडी चौकट, ९५०. वायर तीन मीटर, ३२०. टेम्पोवाल्याला हमाली २०० (मागत होता तीनशे). टीव्हीचे पैसे जयराजने मिलिटरीच्या कँटीनमधून परस्पर भरले. हमाली तेवढी माझ्या डब्यातली.

मला कुणी विचारले नव्हते. जुना टीव्ही बत्तीस इंची आहे, नऊ वर्षांत एकदाही बिघडलेला नाही. त्यात माणसे दिसतात, बोललेले ऐकू येते. आणखी काय दिसायचे राहिले होते ते मला कळत नाही.

दुपारी जयराजचा फोन. "आई, तुज्यासाठीच घेतलाय. वाघजाईचं आता फोर-केमधी लाईव्ह असतंय. नथीतला मोती न् मोती मोजून घे. डोंगर चढायचं कारन न्हाई, घरबसल्या दर्शन."

'घरबसल्या' हा शब्द यांना फार आवडला. संध्याकाळपर्यंत चार वेळा म्हणाले.

पितरपाट चालू आहे, नवी वस्तू घटस्थापनेपर्यंत उघडायची नाही असे मी सांगितले. हे म्हणाले, "आगं, टीव्हीला कुठलं आलंय पितर?" पण आत्याबाईंनी खाटेवरूनच दम भरला, "हंबीऱ्या, खोक्याला हात लावलास तर बघ." सासूबाई माझ्या बाजूने बोलल्या, असे वर्षातून एकदा होते. म्हणून लिहून ठेवते.

१४ सप्टेंबर, रविवार

खोके सोप्यात भिंतीला टेकून उभे आहे. झाडताना त्याला वळसा घालावा लागतो. मनातले लिहायला जमाखर्चाच्या वहीची मागची पाने आहेत, ती यांनी कधी उघडली नाहीत. तर लिहितेच.

चार वर्षांपूर्वी लेहच्या बाजूला जयराजची गाडी घसरली, डाव्या पायात सळई घालावी लागली. फोन आला तेव्हा मी भांडी घाशीत होते. तशाच राखेच्या हातांनी म्हणाले, 'वाघजाई आई, माझ्या लेकराला धड पायावर उभा कर. मी स्वतः उंबरदऱ्याच्या तीनशे बारा पायऱ्या चढून येईन आणि माझ्या हाताने तुझी ओटी भरीन.' जयराज उभा राहिला. परेडला जातो. मी गेले नाही. त्याच पौषात आत्याबाईंची उजवी बाजू गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली.

तेव्हापासून दोन-दोन तासांनी त्यांची कूस बदलायची, धुणे-पुसणे, भरवणे. मी मोजून बघितले. इतक्या दिवसांत कराडला सात वेळा गेले, सातही वेळा औषधाला. त्याशिवाय एकदा मयताला. तासगावला बहिणीकडे एकदाही नाही. उंबरदऱ्याला एकदाही नाही. हे मात्र दर नवरात्रात मोटारसायकलवर मित्रांबरोबर जाऊन येतात. म्हणतात, "मी गेलो म्हंजी घरातलं सगळंच गेलं की."

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आज बोलून बघितले. म्हणाले, नवरात्र झाले की एक दिवस मी उंबरदऱ्याला जाऊन येते, तुम्ही आत्याबाईंपाशी बसा. हे भले माणूस, लगेच हो म्हणाले. "आजच बगू की तास-दोन तास. तू जा गावातल्या देवळात."

देवळात जाऊन पायरीला टेकते न टेकते तोच फोन. घरी आले तर हे अंगणात उभे, घामाघूम. आत आत्याबाई ओल्यातच पडलेल्या, डाव्या मुठीत गोधडी घट्ट धरून. "लेकापुढं उघडी हुयाची न्हाई मी. मरन आलं तरी हुयाची न्हाई."

त्यांचे काय चुकले? माझ्यावर ही वेळ आली तर मीही जयराजला जवळ येऊ देणार नाही.

मग बहिणीचे नाव काढले. अंबूबाई येईल की एक दिवस तासगावहून. आत्याबाईंनी तोंड भिंतीकडे केले. "परक्या बाईचं हात मला न्हाई चालायचं."

झाले. दार असे दोन्हीकडून लागले.

२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना

घट बसला. मग टीव्ही बसला. बसवायला लालासाहेब केबलवाले आले होते. साठीचा गडी, एक दात सोन्याचा, पण बोलणे विशीतले.

"वैनी, भिंत हीच. पर समोरची खिडकी बंद ठिवाय लागल. उजेड पडतोय पडद्याव. इतकं पैसं घातल्याव मग काळं काळंच दिसाय पायजे का नगं?"

यांनी ताबडतोब खिडकी लावून घेतली, वर घोंगडे टांगले. त्या खिडकीतून मला एसटीचा थांबा दिसायचा. साडेदहाची कराड, पावणेबाराची विटा, कोण उतरले, कोण चढले, कुणाच्या हातात किती पिशव्या. आता गाडीचा नुसता आवाज येतो.

टीव्ही लावला. हे म्हणाले, "आयला! घाम दिसतोय रं पैलवानाच्या अंगावरचा!" आत्याबाई म्हणाल्या, "म्हैस धुतल्यागत दिसतोय." मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून बघत होते, माझी जागा तीच. तिथून भाकरीवर लक्ष राहते आणि आत्याबाईंच्या खाटेवरही.

मी म्हणाले, "भावजी, खरं सांगा. मला जुन्यात न् ह्यात काय फरक दिसंना."

त्यांनी उंबऱ्यापासून भिंतीपर्यंत हाताने मोजले. नऊ हात भरले. "वैनी, ह्यो चार हातावरनं बगायचा टीव्ही हाय. तुमी हितं उंबऱ्याव बसल्याव तुमाला जुना न् नवा येकच. दुसरं म्हंजी, तुमची सिरियल काय फोर-के न्हाई. ती जुन्याच मापात येती, ह्यो तिला ताणून मोठी करतोय. लुगडं तेवढंच, बाई जाड, मग काय हुयाचं?"

"म्हंजी पैसं पाण्यात?"

"न्हाई कसं म्हनू? बसवायचं सातशे घेतलं की मी." आणि सोन्याचा दात दाखवून हसले. वर म्हणाले, लाईव्ह नीट बघायचे तर तारेचे नेट घ्यावे लागेल, महिन्याला सहाशे. फोनवरच्या नेटवर अडकत राहणार. मी म्हटले, अडकू दे.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पेपरात आले की कालपासून मोठ्या टीव्हीवरचा कर उतरला. अकरा दिवस थांबला असता तर तीन-एक हजार वाचले असते. यांना म्हटले तर म्हणाले, "आता काय कापून पाठवू व्हय थोडा?"

जुना टीव्ही अंबूबाईला पाठवला. यांच्या ओळखीची बेदाण्याची गाडी तासगावला जाते, त्यात गोधडीत गुंडाळून ठेवला. रात्री तिचा फोन.

"पोचला गं टीव्ही. लय झ्याक चालतोय."

"बरं झालं."

"पर मी टीव्ही न्हवता मागितला, अंजे. मी तुला मागितलं हुतं."

फोन मोठ्या आवाजावर असतो, आत्याबाईंना ऐकायला. मी म्हटले, दूध उतू जातंय, ठेवते. गॅसवर काहीच नव्हते. नवरात्रात खोटे बोलले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जयराजचा पाय सुजला आहे. सळईच्या जागीच. त्याची बायको अंकिता सांगत होती, तो स्वतः सांगत नव्हता. डॉक्टर पुन्हा फोटो काढणार आहेत. "थंडीनं असंल," जयराज म्हणाला. सप्टेंबरात कसली थंडी?

थंडी नाही ती. चार वर्षे मी शब्द देऊन बसले आहे. देवी किती वाट बघणार?

हे जेवता जेवता उठले आणि कुणाला तरी फोन लावला. गुरवाचा मुलगा, वीरधवल. दादासो गुरव आता म्हातारे झाले, देवळातले फोनचे आणि लाईव्हचे हा पोरगाच बघतो. "ऑनलाइन वटी हाय," हे मला सांगत आले, "दोनशे एक्कावन्न. तू हितं टीव्हीम्होरं बसून भरायची, तिथं गुरव द्येवीला भरनार. अष्टमीला आपलं नाव पुकारत्यात. झालं का न्हाई काम?"

मी म्हटले, "मी स्वतः येईन म्हणलं हुतं."

"मग तू स्वतःच भरनार हाईस की. मी भरतोय व्हय?"

यात खोट कुठे आहे ते मला दाखवता आले नाही. मॅट्रिकला मला मराठीत बासष्ट मार्क होते, पण बोलण्यात यांच्यापुढे टिकत नाही.

रात्रभर एकच आले मनात. मला जयराजच्या पायासाठी जायचे आहे, की नुसते जायचे आहे? एसटीत खिडकीपाशी बसायचे, कराडच्या स्टँडवर उतरायचे, दुसरी गाडी धरायची, पायऱ्या चढताना मध्येच बसायचे, कुणी 'अंजना' म्हणून हाक मारणार नाही. लेकाचा पाय सुजलेला असताना आईच्या मनात हे येते. देवीने हे पान वाचू नये.

३० सप्टेंबर, मंगळवार. अष्टमी

जे झाले ते जसेच्या तसे लिहिते.

टीव्हीखाली पाट मांडला, रांगोळी काढली. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरव्या बांगड्या, तांदूळ. आज नऊ हातांवरून नाही, अगदी जवळ बसले. लाईव्ह सुरू झाले आणि खरेच सांगते, अंगावर काटा आला. देवीच्या डोळ्यांतली चांदीची बुबुळे, मळवटाच्या कडेला सुटलेले कुंकू, नथ. एवढी जवळ वाघजाई मला लग्नानंतर पहिल्यांदा गेले तेव्हाही दिसली नव्हती, गर्दी होती. जयराजला मनात माफ केले. म्हटले, पोराने काही वाईट घेतले नाही.

बोट उचलून देवीच्या कपाळी कुंकू लावले. ते काचेवर लागले. मग देवीचे तोंड थोडे बाजूला सरकले, कारण कॅमेरा धरणारा हलला, आणि कुंकू समईवर गेले.

वीरधवलचा आवाज: "ज्यांनी वटी बुक केलीय त्यांनी स्क्रीनसमोर बसावं. हंबीरराव जगदाळे, सहकुटुंब." सहकुटुंब म्हणजे मी.

डोळे मिटले. ओंजळ भरली. एक, दोन, तीन, चार, पाच. जयराजचा पाय डोळ्यांपुढे आणून म्हटले, आई, पदरात घे. डोळे उघडले तर पडद्यावर एक बाई, खांदे उघडे, अंगाला साबणाचा फेस लावून हसत होती. माझे कुंकू तिच्या कोपरावर.

आत्याबाई खाटेवरून सगळे बघत होत्या. मी विचारले, "आत्ती, द्येवी कवा गेली?"

"दुसऱ्या वंजळीला द्येवीच्या तोंडाव चाक फिराय लागलं. तिसरीला ही आली."

"म्हंजी तीन वंजळी..."

"साबनवालीला." आणि मग अर्ध्या तोंडाने हसायला लागल्या. "तिला लुगड्याची गरज हुतीच म्हना."

हे बाहेरून आले. "झाली का वटी?" आत्याबाईंनी माझ्याकडे बघितले. मी म्हटले, झाली.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी

यांनी खुरपी, विळे, इंजिन यांच्याबरोबर टीव्हीच्या रिमोटलाही झेंडू वाहिला. वाहताना काचेवरचे कुंकू बघितले.

"चाळीस हजाराच्या काचंला बोट लावतंय का कुनी?"

"द्येवीला लावलं."

"द्येवी आत हाय गं. काच भाईर हाय!"

ओल्या पदराने पुसले तर लाली पसरली. आता कुणीही दिसो, वार्ताहर, पैलवान, मंत्री, उजव्या बाजूला खाली लाल डाग. लालासाहेब बघून म्हणाले, वैनी, एवढ्या झाक टीव्हीत डागपन झाक दिसतोय. जुन्यात कळलाबी नसता.

जयराजच्या पायाचा फोटो काढला. रिपोर्ट आठ दिवसांनी.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

काल दसरा झाला. घट उठला. ओटीचे तांदूळ अजून पाटावरच आहेत. त्यांचे काय करायचे ते कळत नाही. देवीचे असतील तर घरात शिजवता येत नाहीत. देवीचे नसतील तर ठेवता येत नाहीत. साबणवालीचा विचार करू म्हटले तरी येतोच. ती बिचारी कुठली कोण, तिला माझ्या जयराजचे काय?

यांना शेवटी सांगितले. हसले. मग म्हणाले, "जाहिरात काय द्येवीनं लावली व्हय? पैसं पोचलं, नाव पुकारलं. वटी पोचली." आणि वीरधवलला फोन केला. तो फोनवर म्हणाला, "काकू, टेन्शन घेऊ नका, इकडं कायबी अडकलं न्हवतं. हवं तर पौर्णिमेला परत बुक करा, शंभर कमी घेतो."

म्हणजे दोघांच्याही मते झाले. मी एकटीच अडकून आहे.

दुपारी आत्याबाईंची कूस बदलताना त्या म्हणाल्या, "पोराला कशाला इचारत बसलाय? म्हाताऱ्याला इचार. दादासोला. कागद लिव. फोन नगं, फोन त्यो पोरगाच उचलतोय."

मला तो टोमणाच वाटला. म्हटले, "हसा आत्ती, हसा."

"हसत न्हाई." थोड्या वेळाने, "तुजी ती तासगावची भन. तिचं हात कसं हाईत?"

"कसं म्हंजी?"

"गार का ऊन? मला गार हाताचा ताप येतोय."

म्हटले, ऊन आहेत, लहानपणापासून. त्या म्हणाल्या, "हं," आणि डोळे मिटले. अर्धांगाने आता त्यांच्या डोक्यावरही परिणाम होऊ लागला असावा, कशातून काय काढतात. डॉक्टरांना सांगायला हवे.

पण कागदाचे मनात राहिले.

५ ऑक्टोबर, रविवार

हे उसाच्या मीटिंगला कराडला गेले. पत्र लिहिले. तीन वेळा फाडले. पहिल्यात फार लांबण लागली, दुसऱ्यात जयराजचा पाय लिहिताना शाई पसरली, तिसऱ्यात एसटी आणि पायऱ्यांबद्दल जे लिहून गेले ते गुरवांना दाखवण्यासारखे नव्हते. चौथे उद्या सकाळी पोस्टात टाकणार. आत्याबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "कार्ड उघडं मागव, पाकीट नगं. हंबीऱ्यानं वाचाय पायजे." ते शेवटी घातले. नक्कल इथे ठेवते.

श्री वाघजाई प्रसन्न

ती. दादासो गुरव, मु. उंबरदरा, यांस सौ. अंजना हंबीरराव जगदाळे हिचा साष्टांग नमस्कार.

कारण की, चार वर्षांपूर्वी मी देवीला बोलले होते की मुलगा जयराज पायावर उभा राहिला तर स्वतः पायऱ्या चढून माझ्या हाताने ओटी भरीन. देवीने तिचे केले. माझ्याने घर सुटले नाही. गेल्या अष्टमीस आपल्या चिरंजीवांच्या सांगण्यावरून टीव्हीपुढे ओटी भरली. पाच ओंजळींपैकी दोन देवी समोर असताना पडल्या. पुढच्या तीन पडल्या तेव्हा समोर साबणाची जाहिरात होती. मी डोळे मिटलेले होते, माझ्या मनात देवीच होती, पण समोर ती नव्हती. टीव्ही नवा आहे आणि चित्र फार स्वच्छ येते, त्यामुळे काय होते याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. मुलाचा पाय पुन्हा सुजला आहे.

तरी आपण जुने जाणते आहात म्हणून विचारते. अशी ओटी देवीस पोचते का? 'स्वतः' या शब्दात टीव्हीपुढे बसणे धरतात का? घरच्या मंडळींचे म्हणणे, धरतात. मी कमी शिकलेली, मला सांगता येत नाही. जर स्वतःच यावे लागत असेल तर तसे स्पष्ट लिहावे, म्हणजे घरात माझे बोलणे राहणार नाही, आपले राहील. माझी बहीण तासगावहून येऊन सासूबाईंपाशी एक दिवस राहू शकेल. हे मी सासूबाईंना न विचारता लिहिले होते. वाचून दाखवल्यावर त्या नको म्हणाल्या नाहीत.

सोबत आमचा पत्ता घातलेले कोरे कार्ड जोडले आहे. कृपा करून फोन करू नये. कार्डावर मोठ्या अक्षरात लिहावे, यजमानांना चष्म्याशिवाय वाचता येईल असे.

ओटी पोचली असेल तर कार्ड वाया घालवू नये, मी समजून घेईन. पोचली नसेल तर उलट टपाली कळवावे.